भट्टीतल्या उन्हाळी भाज्या : प्रस्तावना

भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्याने, स्पेनच्या पूर्वेकडील प्रांतांपासून दक्षिण फ्रान्स, इटली आणि ग्रीस ओलांडून तुर्कस्तानापर्यंत, जून ते सप्टेंबर या काळात मळ्यांत आणि परसबागांत वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरच्या आणि झुकिनी यांचे पीक एकाच वेळी अंगावर येते, आणि ते खपवण्यासाठी त्या प्रदेशांतील गृहिणींनी जे मार्ग काढले त्यांपैकी सर्वांत समाधानकारक मार्ग भट्टीचा ठरला. ग्रीसमधील ब्रियाम आणि गेमिस्ता, फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील तियाँ, दक्षिण इटलीतील पार्मिजाना आणि एके काळच्या उस्मानी साम्राज्याच्या मुलखात वेगवेगळ्या उच्चारांनी ओळखला जाणारा ग्युवेच हे पदार्थ वरकरणी निरनिराळे दिसले तरी त्यांची जातकुळी एक आहे. पसरट भांड्यात भाज्यांचे काप रचायचे किंवा भाज्यांत सारण भरून त्या शेजारीशेजारी बसवायच्या, वरून सढळ हाताने तेल सोडायचे आणि चारही बाजूंनी येणाऱ्या कोरड्या उष्णतेत तास-दीड तास ठेवून द्यायचे, एवढीच त्यांची मूळ रीत. हे पदार्थ तोंडीलावणे म्हणून ताटाच्या कडेला बसत नाहीत; पाव, थोडे खारट चीज आणि ऑलिव्ह यांच्या जोडीने तेच जेवण असते, आणि याच अर्थाने ते पोटभरीचे आहेत.

‘भट्टीत भाजणे’ हा शब्दप्रयोग या पुस्तकात नेमक्या अर्थाने योजला आहे. खानदेशात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, जाळावर भरताची वांगी भाजतात, किंवा रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे घालून त्याभोवती जाळ करतात, तेव्हाही भाज्या भाजल्याच जातात. पण पहिल्या प्रकारात जाळ भाजीला थेट भिडतो आणि दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पोपटीत, पाल्याची आणि शेंगांची वाफ मडक्यात कोंडून राहते. भट्टीत भाजीला जाळ भिडत नाही आणि उघड्या भांड्यातली वाफही कोंडत नाही. तापलेल्या विटांची, किंवा घरगुती ओव्हनमध्ये तापलेल्या सळयांची, उष्णता भाजीच्या पृष्ठभागावरचे पाणी उडवते, आणि जे पाणी उडाले ते भांड्यात परत येत नाही. पुढील प्रकरणांतील जवळजवळ प्रत्येक कृती या साध्या गोष्टीवर उभी असल्यामुळे तिचा विचार सुरुवातीलाच थोडा सविस्तर करणे इष्ट आहे.

मराठी स्वयंपाकात भाजी शिजते ती मुख्यतः वाफेवर. फोडणीत भाजी घातली की परतून झाकण ठेवायचे, भाजी करपेल असे वाटले तर झाकणावर पाणी ठेवायचे आणि दोन दणदणीत वाफा आणायच्या, ही रीत घरोघरी इतकी मुरलेली आहे की तिच्यामागे काही तत्त्व आहे हेही सहसा लक्षात येत नाही. झाकणावरच्या पाण्यामुळे झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा पाणी होते आणि भाजीवर ठिबकते. भाजी आपल्याच पाण्यात, मंद आचेवर, थोड्या इंधनात शिजते आणि तिचा ताजेपणा टिकतो. वाफ राखण्याच्या या कलेत मराठी हात तरबेज आहेत, आणि नेमके म्हणूनच भट्टीतले पदार्थ करताना ते चुकतात, कारण इथे वाफ जाऊ द्यायची असते. ट्रेवर फॉइल घट्ट लावून ठेवले, भाज्या खोलगट भांड्यात दाटीवाटीने भरल्या किंवा ‘खाली लागेल’ या भीतीने पेलाभर पाणी घातले की जे तयार होते ती भाजी चांगली असू शकते, पण ती ब्रियाम नव्हे.

जाऊ द्यायचे पाणी किती असते याचा अंदाज आकड्यांवरून येईल. झुकिनी आणि टोमॅटो यांच्या वजनात सुमारे 95 टक्के पाणी असते, वांग्यात आणि ढोबळी मिरचीत 92 टक्क्यांच्या आसपास. जोवर कापाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर ओव्हनचा काटा 200 अंशांवर असला तरी त्या कापाचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग कोरडा झाला की मगच तापमान चढते आणि साधारण 140 अंशांच्या पुढे शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातील त्या अभिक्रिया वेगाने होऊ लागतात ज्यांचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली केले आणि ज्यांना आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. पावाचे कवच, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि ट्रेच्या कडेला चिकटून तपकिरी झालेला वांग्याचा काप ही सगळी त्यांचीच कामगिरी. मात्र रंग आणि वास हा लाभाचा अर्धाच भाग आहे. पाणी गेल्यावर मागे उरलेल्या साखरेची, आम्लांची आणि क्षारांची चव दाट होते, आणि ज्या झुकिनीला कच्च्या स्थितीत सांगण्यासारखी चवच नसते तिच्यातून भट्टीत गोडसर, किंचित दाण्यासारखी चव निघते.

ब्रियाम हा पदार्थ या दृष्टीने सर्वांत बोलका आहे, कारण त्यात लपवायला काही नसते: सॉस नाही, चीज नाही, मसाला जवळजवळ नाही. चार माणसांसाठी अर्धा किलो बटाटे, तेवढीच झुकिनी, एक मोठे वांगे, एक-दोन ढोबळी मिरच्या, दोन कांदे आणि अर्धा किलो पिकलेले टोमॅटो घेतात. बटाट्याचे काप पाव इंचाहून जाड ठेवत नाहीत, बाकीच्या भाज्या त्याहून जाड कापतात, अर्धे टोमॅटो किसून घेतात आणि अर्ध्यांच्या चकत्या करून वर लावतात. लसूण, मीठ, मिरपूड, वाळलेला ओरेगॅनो आणि अर्धी ते पाऊण वाटी ऑलिव्ह तेल घालून सगळे हाताने कालवतात, आणि रुंद ट्रेमध्ये दीड-दोन इंचांहून जाड थर होणार नाही अशा बेताने पसरतात. 190 अंशांवरच्या ओव्हनमध्ये पहिल्या वीस मिनिटांत काहीच घडत नाही असे वाटते. मग मीठ आणि उष्णता यांनी सुटलेले पाणी ट्रेभर साचते, भाज्या त्यात बुडतात, आणि नवखा माणूस इथेच हाय खातो. त्याला वाटते, रस्सा झाला. प्रत्यक्षात हाच मधला टप्पा भाज्या मऊ करतो. त्यानंतरच्या पाऊण तासात पाणी आटत जाते, बुडबुडे लहान आणि चिकट होतात, त्यांचा आवाज खळखळीऐवजी चुरचुरीचा होतो, कडेचे कांदे काळपट होतात आणि तेल पाण्यापासून वेगळे होऊन ट्रेच्या तळाशी लालसर रंगाने दिसू लागते. मसाल्याला तेल सुटले की तो शिजला असे मानणाऱ्या स्वयंपाक्याला ही खूण वेगळी शिकवावी लागत नाही. तुडुंब भरलेला ट्रे या वेळेपर्यंत अर्ध्याच्या आसपास बसलेला असतो.

याच पदार्थात एक हमखास फसगत होते. वांगी विरघळायला आली, झुकिनी मऊ पडली, तरी बटाटे मात्र दाताखाली कचकचतात. दोष बटाट्याचा नसून टोमॅटोचा असतो. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य साधारण 85 अंशांच्या वर सैल होऊ लागते, परंतु सभोवतालचे पाणी आंबट असेल तर ते सैल व्हायला बराच जास्त वेळ लागतो. आमटीत डाळ पुरती शिजल्याखेरीज चिंच किंवा आमसूल घालायचे नाही, हा घरातला नियमही याच कारणामुळे पाळला जातो. म्हणून बटाटे अगदी पातळ कापावेत, ते आधी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे उकळून घ्यावेत, किंवा किसलेला टोमॅटो अर्धा वेळ उलटल्यावर घालावा. तिन्हींपैकी कोणताही उपाय चालतो, पण एकही न करता नुसती ओव्हनची वेळ वाढवली तर बटाटे शिजेपर्यंत वांग्यांचा लगदा होतो.

वांग्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा गर हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेला असतो आणि गरम तेलात टाकताच हवेची जागा तेल घेते. वांगे तेल पिते असे म्हणतात ते शब्दशः खरे आहे. पार्मिजाना आणि वांग्याच्या थरांचा मुसाका यांच्या जुन्या कृतींत वांग्याचे काप तळून घेतात आणि त्यामुळे पदार्थ श्रीमंत होतो, पण जड होतो. काप कापून, अर्धा किलोला चमचाभर मीठ चोळून अर्धा तास ठेवले तर पाणी सुटते, पेशी खचतात आणि पोकळ्या मिटतात. मग ते पुसून, तेलाचा ब्रश फिरवून ओव्हनमध्ये आधी भाजून घेतले तर तळण्याच्या चौथाई तेलात काम भागते. मीठ लावण्याचे कारण कडूपणा घालवणे हे आहे असे पाकपुस्तकांतून सांगितले जाते, परंतु आजच्या लागवडीतल्या वाणांत कडूपणा फारसा उरलेला नाही आणि पोकळ्या मिटवणे हेच त्याचे खरे काम आहे. शेवटपर्यंत शिजलेले वांगे प्यालेले तेल पुन्हा सोडूही लागते, म्हणून ट्रेमध्ये तेल कमी वाटले तरी मध्येच आणखी ओतण्याची घाई करू नये.

या भाज्या भूमध्य प्रदेशाच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या तेथल्याच असाव्यात असा समज होतो, पण त्यांपैकी जवळजवळ एकही तेथली नाही. वांगे भारतीय उपखंडाच्या बाजूने इराण आणि अरब मुलूख पार करत मध्ययुगात स्पेन आणि सिसिलीत पोचले. टोमॅटो, ढोबळी मिरची, बटाटा आणि झुकिनीचा पूर्वज भोपळा हे कोलंबसानंतर अमेरिकेतून आले, आणि आजची कोवळी, लांबट झुकिनी तर इटलीतील मळेवाल्यांनी बरीच अलीकडे निवडून वाढवलेली जात आहे. टोमॅटोच्या सॉसची एक आद्य छापील कृती नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी यांच्या 1690 च्या दशकातील ग्रंथात सापडते, पण ग्रीसमध्ये टोमॅटो आणि बटाटे रुळले ते 19 व्या शतकात. म्हणजे प्राचीन वाटणारा ब्रियाम त्याच्या आजच्या रूपात दोनशे वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. वांगे आधी आले असले तरी त्याला सगळीकडे सहज मान मिळाला नाही. इटालियन घरगुती स्वयंपाकावरचा 1891 चा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी नोंदवले आहे की त्यापूर्वी चाळीस वर्षे फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत आणि ती ज्यूंचे खाणे म्हणून हिणवली जात. त्याच सुमारास दक्षिणेत, नेपल्स आणि सिसिलीत, वांग्याचे काप, टोमॅटो आणि चीज यांचे थर रचून भाजण्याची पार्मिजाना घरोघरी होत होती. ती मुळात कोणाची, यावर नेपल्स, सिसिली आणि पार्मा यांच्यात अजून वाद चालू आहे. सिसिली आणि नेपल्स यांच्यातच निकाल लागावा असे पुराव्यांवरून दिसते, पार्माचा संबंध फार तर चीजपुरता असावा.

भाज्यांच्या इतिहासापेक्षा भट्टीचा इतिहास या पदार्थांचे स्वरूप अधिक उलगडतो. या प्रदेशांतल्या सामान्य घरांत 20 व्या शतकाच्या मध्यापर्यंत ओव्हन नव्हता. लाकडावर तापणारी मोठी विटांची भट्टी गावाची किंवा पाववाल्याची असे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीपर्यंत ती बऱ्याच ठिकाणी जमीनदाराची होती आणि तिथेच पाव भाजून घेण्याची व त्याबद्दल मोबदला देण्याची सक्ती असे. पाव भाजून झाला की भट्टी विझलेली पण तापलेली राही, आणि त्या उतरत्या आचेचा उपयोग लोक आपापले ट्रे आणून करत. ग्रीक घरांत ‘ताप्सी’ नावाचा गोल, उथळ ट्रे असतो. रविवारी सकाळी तो भरून पाववाल्याकडे द्यायचा आणि दुपारी घरी न्यायचा, ही शहरांतही सर्रास चालणारी पद्धत होती. फ्रान्समध्ये कांदे-बटाट्यांच्या एका पदार्थाला पाववालीचे नाव मिळाले ते यामुळेच. ग्रीसच्या सिफ्नोस बेटावर आजही शनिवारी संध्याकाळी हरभऱ्यांनी भरलेली मातीची भांडी लाकडी भट्टीत ठेवतात आणि रविवारी प्रार्थनेनंतर ती उघडतात. रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घेऊन नानकटाया भाजून घेण्यासाठी बेकरीत जाण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक गावांत होती आणि काही ठिकाणी आहे, त्यामुळे मराठी वाचकाला या व्यवहाराची कल्पना यायला अडचण पडू नये.

दुसऱ्याच्या भट्टीवर अवलंबून असलेल्या पदार्थाला काही गुण आपोआप लागतात. त्याकडे मध्येमध्ये लक्ष देता येत नाही, म्हणून तो ढवळावा लागणारा नसतो. तो दहा मिनिटे कमी-जास्त झाल्याने बिघडत नाही. आणि घरी नेईपर्यंत तो निवतो, म्हणून तो कोमट खाल्ला तरच चांगला लागेल असा घडत जातो. शिवाय उन्हाळ्याच्या दिवसांत घरात चूल पेटवावी लागत नाही, हा लाभ वेगळा. आजच्या ओव्हनवर या पदार्थांच्या कृती लिहिताना तापमान आणि वेळ अंशा-मिनिटांत सांगावी लागते, पण ते आकडे उतरत्या आचेच्या भट्टीचे सोयीस्कर भाषांतर आहेत एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

या परंपरेत पांढरा सॉस नंतर आला, आणि तो कसा आला हे मराठी वाचकाला विशेष जाणून घेण्यासारखे आहे. मैदा लोण्यावर परतून त्यात दूध घालून केलेल्या बेशामेल सॉसचा जाड थर ही मुसाकाची ओळख बनली आहे, परंतु अरब आणि तुर्की घरांत मुसाका या नावाने जे पदार्थ होतात त्यांत हा थर नसतो. तो चढवला निकोलाओस त्सेलेमेन्तेस या ग्रीक पाकशास्त्र्याने, 1920 च्या दशकात. सिफ्नोसशी नाते सांगणाऱ्या आणि युरोपीय हॉटेलांत शिकून आलेल्या या गृहस्थांना ग्रीक स्वयंपाकातला तुर्की वास, तेल आणि मसाले खटकत. फ्रेंच पद्धतीने ग्रीक ताट सुधारावे हा त्यांचा ध्यास होता आणि त्यांची पुस्तके ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सुनांना आंदण दिल्यासारखी दिली गेली. त्यांच्या मुसाकाने जगभर नाव काढले हे खरे, पण साध्या तेलातल्या भाज्यांना त्यांच्या काळापासून थोडे गावंढळ मानले गेले हेही तितकेच खरे. मुंबई-पुण्यात क्लब, हॉटेले आणि पाककलेचे वर्ग यांच्या वाटेने ‘बेक्ड व्हेजिटेबल’ किंवा ‘ऑ ग्रातँ’ नावाचा जो पदार्थ आला तो याच फ्रेंच शाखेचा: फरसबी, गाजर, मटार आणि फ्लॉवर उकडून घ्यायचे, पांढऱ्या सॉसमध्ये बुडवायचे, वर चीज किसायचे आणि चीज लालसर होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवायचे. त्यात भाजी भट्टीत शिजतच नाही. भट्टी फक्त वरचा पापुद्रा रंगवते. वाढदिवसाच्या मेजवानीत तो पदार्थ मुलांना आवडतो आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण ‘बेक केलेली भाजी’ म्हणजे तोच, हा समज या पुस्तकाच्या वाचकाने बाजूला ठेवावा. ग्रातँ या फ्रेंच प्रकाराचे मर्मही सॉसमध्ये नाही. भांड्याच्या उघड्या तोंडावर धरणारी कुरकुरीत खपली हे त्याचे लक्षण, मग ती चीजची असो, शिळ्या पावाच्या चुऱ्याची असो वा नुसत्या वाळलेल्या भाजीची.

तियाँविषयी असाच एक गैरसमज अलीकडे दृढ झाला आहे. तियाँ हे मुळात प्रोव्हान्समधील मातीच्या उथळ भांड्याचे नाव, आणि त्यात होणारे जुने पदार्थ दिसायला अगदी साधे असत: चिरलेला पाला किंवा किसलेला भोपळा, मूठभर भात, अंडी, थोडे चीज आणि वर पावाचा चुरा. वांगे, टोमॅटो आणि झुकिनी यांच्या कागदासारख्या पातळ चकत्या उभ्या, एकीला एक टेकवून गोलाकार रचल्याचे जे चित्र आज या नावाखाली सर्वत्र दिसते ते मिशेल गेरार या फ्रेंच शेफने 1976 साली प्रसिद्ध केलेल्या कृतीवरून आणि त्यानंतर 2007 च्या ‘रॅटाटुई’ या चित्रपटासाठी थॉमस केलर यांनी केलेल्या तिच्या आवृत्तीवरून घराघरांत पोचले. ते देखणे आहे, पण चकत्या उभ्या आणि दाट रचल्याने वाफेला वाट मिळत नाही आणि नवशिक्याच्या हातून त्या बहुधा नुसत्या उकडल्या जातात. भात घालून केलेला जुना तियाँ अधिक शहाणपणाचा आहे, कारण भाजीला सुटलेले पाणी त्यात तांदूळ पितो.

धर्माचरणाचाही या पाकपरंपरेवर खोल ठसा आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षात उपवासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवशी मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. ऑगस्टच्या 1 ते 14 तारखांचा, मेरीमातेच्या सणापूर्वीचा उपवास नेमका वांगी-टोमॅटोच्या भरात येतो. कडक नियमाप्रमाणे त्यातल्या बहुतेक वारी तेलही चालत नाही, परंतु व्यवहारात ग्रीक घरांत उपवासाचे जेवण म्हणजे ‘लादेरा’, अर्थात ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, असे समीकरण झाले आहे आणि ब्रियाम त्यांत अग्रभागी आहे. महाराष्ट्रात याच दिवसांत उलटा प्रकार असतो. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्या-वांग्यांचा समाचार घेऊन अनेक घरांत चातुर्मासभर ती दोन्ही वर्ज्य करतात आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा सुरू करतात. ग्रीक गृहिणी ज्या पंधरवड्यात वांग्यावर निभावते त्याच पंधरवड्यात चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घरात ते येत नाही.

पंचांगाचा हा विरोध शेतीच्या दृष्टीने मात्र सोयीचाच म्हणावा लागेल. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, निरभ्र असतो. त्या कोरड्या हवेत, पाटाच्या पाण्यावर, वांगी आणि टोमॅटो पोसतात. दख्खनमध्ये तशी हवा असते ती दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंत. तेव्हा भरताची वांगी जाड गराची आणि कमी बियांची मिळतात, नारायणगावच्या बाजारातून येणारा टोमॅटो स्वस्त आणि लाल असतो, आणि चंपाषष्ठीही होऊन गेलेली असते. या पुस्तकातील वांगी-टोमॅटोच्या कृती महाराष्ट्रात कराव्यात त्या याच काळात. खऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे चैत्र-वैशाखात, इथे बाजार वेलभाज्यांचा असतो, आणि त्यांच्यासाठी तियाँचे प्रकरण आहे: लाल भोपळ्याचा तियाँ तर प्रोव्हान्समध्येही होतो, आणि झुकिनीच्या जागी कोवळा दुधी, ज्यात नख सहज रुतते असा, घेतला तर शहरातल्या महाग आणि बरेचदा जून निघणाऱ्या झुकिनीपेक्षा तो सरस ठरतो. दुधीत पाणी आणखी थोडे जास्त असल्याने किसून, मीठ लावून, पिळून घेणे आवश्यक आहे. दोडका आणि घोसाळे यांना मात्र या कामी बोलावू नये. ती आटण्याऐवजी चिकट होतात.

इतर बदलांबाबत थोडक्यात सांगायचे तर ऑलिव्ह तेल मिळत असेल आणि परवडत असेल तर त्याला तोड नाही, पण त्याच्या अभावी लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल निःशंकपणे वापरावे. गंधहीन रिफाइंड तेलाने हे पदार्थ निर्जीव होतात, कारण त्यांत तेल हा मसाला असतो. मेंढीच्या दुधाच्या फेटा चीजऐवजी पनीर घालण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो तो फारसा उपयोगाचा नाही, कारण पनीर ना आंबट ना खारट. मीठ घालून घट्ट बांधलेला चक्का शेजारी वाढला तर मूळ चवीच्या अधिक जवळ जाता येते. संकरित टोमॅटो वाहतुकीसाठी जाड सालीचे आणि कमी आंबट पिकवलेले असतात, म्हणून शक्य तिथे गावरान घ्यावेत, नाहीतर चमचाभर व्हिनेगर घालावे. मराठी घरांत सामान्यतः असतो तो लहान, सळयांचा ओव्हन, आणि त्याचा दोष असा की त्याची पोकळी छोटी असल्याने ट्रेची वाफ आतच घुटमळते. पहिल्या अर्ध्या तासानंतर दर दहा मिनिटांनी दार क्षणभर उघडून ती बाहेर जाऊ द्यावी, आणि ट्रे मधल्या खणात ठेवावा, कारण वरच्या सळया जवळ असल्या तर खपली करपते आणि खालचे पाणी तसेच राहते. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये यांपैकी काहीही करू नये. त्यात भाजी आतल्या पाण्याने शिजते आणि पृष्ठभाग कधी कोरडा होत नाही.

राहिला प्रश्न वाढण्याचा. ओव्हनमधून काढलेला ट्रे निदान अर्धा तास तसाच ठेवावा. तेवढ्यात उरलेला रस भाज्या पुन्हा ओढून घेतात, तेल वर येते आणि जिभेला चटका न बसल्याने गोड-आंबट चवी वेगवेगळ्या कळू लागतात. ग्रीक घरांत सकाळी भाजलेला ब्रियाम दुपारी आणि रात्रीही निवलेलाच खातात, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक चांगला लागतो असे मानतात. गेमिस्ताच्या बाबतीत मात्र मराठी वाचकाने ही सवय जशीच्या तशी उचलू नये: त्यात टोमॅटो आणि मिरच्या पोखरून, निघालेला गर, तांदूळ, कांदा आणि पुदिना यांचे सारण भरलेले असते, आणि शिजलेला भात मुंबईच्या दमट हवेत किंवा विदर्भाच्या मे महिन्यात तासन्‌तास बाहेर राहिला तर तो बाधू शकतो. तो दोन तासांत संपवावा किंवा फ्रिजमध्ये ठेवून खाण्यापूर्वी नीट गरम करावा. ब्रियामबरोबर कडक कवचाचा पाव उत्तम, पण पाव नसेल तर ज्वारीची भाकरी ट्रेच्या तळाचे तेल आणि करपट कांदे टिपून घेण्याचे काम त्याहून चोख करते.